पाण्याचा वार

गच्चीवर, टाकीच्या सावलीत
आम्ही चौघी नकाशावर वाकलोय.
नकाशा म्हणजे अनसूयाच्या कारखान्यातला खाकी कागद,
एका बाजूला सहावीच्या पोरीच्या पिनाफोरचं माप,
दुसऱ्या बाजूला भीमा.

बेगमपूरच्या पुलाखालून निघायचं,
कुडलच्या संगमावर उतरायचं,
मध्ये दोन रात्री.
अनसूयानं शिवणाच्या खडूनं नदी काढली,
बाहीचा गोलावा काढावा तशी, एका दमात,
आणि दोन्ही काठांना
शिवणीसाठी अर्धा इंच सोडला.

"नदी एवढी वळत नसती," शाहेदा म्हणाली.
"तू बघितलीस?"
बसच्या खिडकीतनं बघितलेली. सगळ्यांनीच.
पूल संपेपर्यंत.

होडी एकच आहे.
नागवेणीच्या भाच्यानं बंगळूरहून आणलेली,
पिवळी, सडपातळ, दोघींपुरती.
तो तिला कनू म्हणतो.
त्यांच्या बोळात ती भिंतीला टेकून उभी असते,
बस म्हणायचं राहून गेलेल्या पाहुणीसारखी.
उरलेल्या दोघींना, नागवेणी म्हणते,
माहेरच्या गुऱ्हाळाची काहिल आहे की.
पुरात तिच्या आजोबांनी तिच्यातनं
एक बाळंतीण आणि दोन शेळ्या पलीकडं नेल्या होत्या.
"आधी कोण?"
"शेळ्या. बाळंतीण म्हणाली, आधी शेळ्या."

यादी माझ्याकडं.
तीस वर्षं विमा कचेरीत मी दुसऱ्यांच्या बुडण्याचे
रकाने भरले.
कडक भाकरीच्या दोन चळती.
शेंगाचटणी डब्यात, डबा पिशवीत, पिशवी परत डब्यात.
चादरी चार. (भिजली तर एकेकीला उचलायला
चार बाया लागतील, तेव्हा बरोबर आहे.)
काडेपेटी. गुडघ्याचा पट्टा. माझी गोळी, रात्रीची.
तरंगायची जाकिटं मी शिवते, अनसूया म्हणाली.
नको, आम्ही तिघी एकदम.
पोहता येतं का, या रकान्यात
एकीपुढं खूण आहे.
बाकीच्यांनी लिहायला लावलं: बघू.

मग तारीख.
शाहेदाचे रोजे संपले होते, नागवेणीच्या सासूनं
"जा की, मी काय अडवलालीय का" म्हटलं होतं,
अनसूयाच्या मुकादमानं तीन दिवस दिले होते, पगार कापून.
सगळ्यातनं वाट निघाली.
पाण्यातनं निघेना.
माझ्याकडं या खेपेला बुधवारी, रात्री दोनला.
नागवेणीकडं गुरुवारी, पहाटे.
अनसूयाकडं चार दिवसांआड, म्हणजे पाच.
शाहेदाकडं कधीही, म्हणून ती कुठंच जात नाही.
कॅलेंडरवर मी नळाच्या चकत्या काढत गेले.
चौघींचे नळ एकदम झोपलेत
असे सलग तीन दिवस
यंदाच्या सालात नाहीत.

"नदीला तरी फोन लाव," नागवेणी म्हणाली.
बेगमपूरचे सटवाजी भोई, दोनदा कट होऊन लागले.
"आत्ता काय हाय नदीत बाई. वाळू. बाभळी.
धरणातनं सोलापूरला पाणी सोडतील तवा या.
आठ दिवस भरून चालंल.
तुमचंच पाणी त्ये."

कुणी काही बोललं नाही.
मग नागवेणीनं विचारलं,
"म्हणजे आपण त्याच्या पुढं असणार, का मागं?"

तेवढ्यात टाकी भरली.
वरच्या भोकातनं धार सुटली, खालून कुणीतरी
"मोटार! मोटार!" ओरडलं,
अनसूयानं नदी घाईघाईनं गुंडाळली,
उद्या तिच्यावरनं पिनाफोर कापायचाय.
मी बटनाकडं पळाले.

परत आले तर शाहेदा तशीच उभी,
सलवार घोट्यावर धरून,
बोटांमधनं पाणी पन्हाळीकडं चाललेलं.
"हे गेल्या आठवड्यात बेगमपूरला होतं," ती म्हणाली.
"याला विचार ना,
मधे मुक्कामाला जागा कुठं आहे."